नासाचे रिले उपग्रह आणि त्यांच्या जागी येणारी खासगी सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या नासाने आपल्या टीडीआरएस या रिले उपग्रहांची पुढची पिढी न बांधण्याचे ठरवले असून ती गरज यापुढे खासगी कंपन्यांच्या दळणवळण सेवा विकत घेऊन भागवली जाणार आहे. या निर्णयाविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत. ज्यांना केवळ खरेदीच्या व्यवहारात रस आहे, त्यांनी प्रश्न ४ पासून वाचायला हरकत नाही.

१. रिले उपग्रह म्हणजे काय? यानाशी जमिनीवरून थेट बोलता येत नाही का?

थेट बोलता येते, पण फार थोडा वेळ. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर फिरणारे यान सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाते आणि सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पूर्ण करते. जमिनीवरच्या एका स्थानकाला ते क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटे दिसते. जगभर अशी स्थानके पेरूनही १९८० पूर्वीच्या काळात नासाला प्रत्येक प्रदक्षिणेचा साधारण १५ टक्केच भाग संपर्कात ठेवता येत असे. त्यापेक्षा ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत एक उपग्रह ठेवला, तर तो वरून खाली पाहतो आणि खालच्या यानाचा निम्म्याच्या आसपास मार्ग त्याच्या नजरेत राहतो. यान आपला संदेश वर पाठवते, तो उपग्रह ठरलेल्या भूस्थानकावर उतरवतो, आणि या वळशाला एका दिशेने सुमारे पाव सेकंद लागतो. संभाषणात तेवढा विलंब जाणवतो. मात्र संपर्क जवळपास अखंड राहतो, आणि यान अडचणीत असेल तेव्हा ‘पुढच्या स्थानकावर येईपर्यंत थांबा’ असे म्हणण्याची वेळ येत नाही.

२. टीडीआरएस केव्हा उभी राहिली?

पहिला उपग्रह ४ एप्रिल १९८३ रोजी निघालेल्या चॅलेंजर स्पेस शटलमधून सोडला गेला. त्याला वरच्या कक्षेत नेणारे रॉकेट मध्येच बिघडले आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. नियंत्रकांनी मग केवळ दिशा सावरण्यासाठी बसवलेली चिमुकली इंजिने पुन्हा पुन्हा चालवून, जवळपास तीन महिने खर्ची घालून, त्याला योग्य जागी पोहोचवले. दुसरा उपग्रह २८ जानेवारी १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत सात अंतराळवीरांबरोबर नष्ट झाला. पुढे शटलमधून आणखी पाच, २००० ते २००२ या काळात तीन आणि २०१३, २०१४ व २०१७ मध्ये प्रत्येकी एक असे एकूण १३ उपग्रह रवाना झाले आणि त्यांपैकी १२ कामाला लागले. पहिली पिढी टीआरडब्ल्यूने बनवली, तर पुढचे उपग्रह ह्यूज कंपनीकडे आणि ती बोइंगमध्ये गेल्यावर बोइंगकडे आले. संदेश उतरवणारे मुख्य केंद्र न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे आहे.

भारतीय वाचकाला विशेष वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे या यंत्रणेची आंधळी जागा बरीच वर्षे आपल्याच बाजूला होती. दोन उपग्रह अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांवर ठेवायचे आणि दोघांनीही संदेश व्हाइट सँड्सलाच उतरवायचा, अशी मूळ रचना असल्याने हिंदी महासागरावरून जाणारे यान दोघांच्याही नजरेआड होत असे. कक्षेतील कॉम्प्टन गॅमा किरण वेधशाळेवरील टेप रेकॉर्डर १९९२ मध्ये निकामी झाले आणि माहिती साठवून नंतर पाठवण्याची सोयच उरली नाही. तेव्हा पहिला, वय झालेला टीडीआरएस हिंदी महासागरावर हलवून त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ वेगळे केंद्र उभारावे लागले. १९९८ मध्ये पॅसिफिकमधील ग्वाम बेटावरचे केंद्र सुरू झाल्यावर ही पोकळी कायमची भरून निघाली.

३. उपग्रह चालू आहेत, मग बदलायची घाई कशासाठी?

ताफ्यातील जुने उपग्रह आपले नियोजित आयुष्य कधीच ओलांडून बसले आहेत. शेवटचा उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये गेला, आणि त्याच मालिकेतील आणखी एक घेण्याचा पर्याय करारात असूनही नासाने तो वापरला नाही. याचा अर्थ जो उपग्रह निवृत्त होईल त्याची जागा रिकामीच राहणार. नव्या उपग्रहाची मागणी नोंदवल्यापासून तो कामाला लागेपर्यंत पाच-सहा वर्षे सहज जातात. तेव्हा २०३० च्या दशकात काय वापरायचे, हा निर्णय २०२० च्या आसपास घेणे भागच होते. दुसरे कारण बाजाराचे आहे. १९८३ मध्ये हे काम करणारे दुसरे कोणी नव्हते. आज दूरसंचार कंपन्यांचे उपग्रह भूस्थिर, मध्यम आणि खालच्या अशा तिन्ही कक्षांत आहेत.

४. नासा उपग्रह घेणार नाही, तर नेमके विकत काय घेणार?

सेवा. उपग्रह, भूस्थानके, कर्मचारी आणि विमा हे सारे कंपनीचे असेल, आणि नासाची मोहीम अमुक इतका डेटा, अमुक इतक्या वेळेत, अमुक इतक्या खात्रीने पोहोचवण्याचे पैसे मोजेल. वॉशिंग्टनच्या मुख्यालयातील अवकाश दळणवळण विभागाच्या देखरेखीखाली हे काम क्लीव्हलँड येथील ग्लेन संशोधन केंद्र ‘कम्युनिकेशन्स सर्व्हिसेस प्रोजेक्ट’ या नावाने पाहते. पृथ्वीलगतच्या मोहिमांसाठी २०३० पर्यंत एकाहून अधिक कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार करावेत, असे उद्दिष्ट जाहीर झालेले आहे. ‘एकाहून अधिक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांचे कारण प्रश्न १० मध्ये येईल.

५. कोणत्या कंपन्यांना किती पैसे मिळाले?

२० एप्रिल २०२२ रोजी सहा कंपन्यांची निवड जाहीर झाली आणि त्यांना मिळून २७ कोटी ८५ लाख डॉलर देण्याचे ठरले. सर्वाधिक वाटा स्पेसएक्स (जवळपास ७ कोटी) आणि ॲमेझॉनच्या कायपर (६ कोटी ७० लाख) यांचा. त्यानंतर व्हायासॅटला ५ कोटी ३३ लाख, टेलिसॅटला सुमारे ३ कोटी ७ लाख, आणि एसईएस व इन्मारसॅट यांना प्रत्येकी २ कोटी ९० लाखांच्या आसपास रक्कम मिळाली.

या सहांनी मांडलेले मार्ग एकसारखे नाहीत, आणि निवडीतील खरा विचार तेथेच दिसतो. स्पेसएक्स आणि कायपर यांचा प्रस्ताव खालच्या कक्षेतील शेकडो उपग्रहांना लेझरने जोडून यानालाही त्याच लेझर जाळ्यात घेण्याचा. व्हायासॅटचा भर भूस्थिर कक्षेतील केए बँड या उच्च वारंवारतेच्या रेडिओ पट्ट्यावर (सी, एल, एस आणि केयू ही अशाच इतर पट्ट्यांची नावे). एसईएसने भूस्थिर कक्षेतील सी बँड आणि मध्यम कक्षेतील केए बँड, तर टेलिसॅटने भूस्थिर सी बँड आणि खालच्या कक्षेतील केए बँड अशी सांगड घातली. इन्मारसॅटचा एल बँड वेगाला कमी, परंतु प्रक्षेपणाच्या आणि आणीबाणीच्या वेळी थोडीच पण हुकमी माहिती पाठवायला सोयीचा. एका तंत्रावर सगळी भिस्त ठेवायची नाही, हे यावरून उघड आहे.

तेव्हापासून नावेही बदलली आहेत. मे २०२३ मध्ये व्हायासॅटने इन्मारसॅट विकत घेतली, आणि कायपरचे नाव नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘ॲमेझॉन लिओ’ झाले.

६. निविदा न काढता एवढी रक्कम कशी दिली? हे कंत्राट आहे की अनुदान?

दोन्ही नाही. १९५८ च्या ज्या कायद्याने नासा स्थापन झाली, त्याच कायद्याने तिला नेहमीच्या सरकारी खरेदी नियमावलीबाहेर करार करण्याचा अधिकार दिला आहे. अशा कराराला ‘स्पेस ॲक्ट करार’ म्हणतात. प्रस्ताव मागवून स्पर्धेतूनच निवड होते, परंतु या टप्प्यावर सरकार स्वतःच्या वापरासाठी काहीही खरेदी करत नाही. कंपनीने आपली सेवा विकसित करून प्रत्यक्ष दाखवावी यासाठी ते पैसे लावते, आणि कंपनीनेही किमान तितकीच रक्कम घालावी अशी अपेक्षा असते. येथे सरकारी आणि खासगी मिळून पाच वर्षांत दीड अब्ज डॉलरहून अधिक गुंतवणूक होईल, असा अंदाज नासाने दिला होता. प्रत्यक्ष सेवेची खरेदी ही त्यानंतरची, वेगळी आणि नेहमीच्या नियमांनी होणारी गोष्ट. पहिल्या टप्प्यात निवड झाली म्हणून दुसऱ्यात काम मिळेलच, असे नाही.

या पद्धतीत पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. आराखड्याचा आढावा पार पडला की एक हप्ता, उपकरणाची चाचणी झाली की दुसरा. टप्पा चुकला तर हप्ता नाही. ही शिस्त कागदावर राहत नाही, याचा दाखला अवकाश स्थानकाला माल पोहोचवण्याच्या कार्यक्रमात मिळतो. २००६ मध्ये नासाने अशाच करारांसाठी दोन कंपन्या निवडल्या होत्या. त्यांपैकी रॉकेटप्लेन किस्लर या कंपनीला ठरलेले खासगी भांडवल उभारता आले नाही, तेव्हा २००७ मध्ये तिचा करार संपवण्यात आला आणि उरलेल्या रकमेसाठी पुढच्या वर्षी ऑर्बिटल सायन्सेसची निवड झाली. दुसरी कंपनी स्पेसएक्स होती. डिसेंबर २००८ मध्ये मालवाहतुकीची प्रत्यक्ष कंत्राटे याच दोघींना मिळाली. रिले सेवेचा कार्यक्रम याच नमुन्यावर बेतलेला आहे.

७. म्हणजे सरकारी यंत्रणेचे खासगीकरण पहिल्यांदाच होत आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्याचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित असते. टीडीआरएस मुळात भाड्याचीच सेवा होती. १९७६ मध्ये नासाने उपग्रह विकत घेण्याचा करार केलाच नव्हता. वेस्टर्न युनियन या अमेरिकी तारसेवा कंपनीच्या स्पेसकॉम या उपकंपनीने यंत्रणा उभारायची, मालकी आपल्याकडे ठेवायची आणि नासाने दहा वर्षे भाडे भरायचे, असे ठरले होते. सुरुवातीलाच मोठा भांडवली खर्च अंदाजपत्रकात दाखवावा लागू नये, हे त्यामागचे मुख्य कारण. त्याच उपग्रहांवर वेस्टर्न युनियनची व्यापारी उपकरणेही बसवायची, म्हणजे खर्च वाटला जाईल, अशीही कल्पना होती.

प्रत्यक्षात झाले असे की यंत्रणेसाठी लागणारे कर्ज फेडरल फायनान्सिंग बँक या सरकारी संस्थेकडून आले आणि त्याची हमी नासाने दिली. मालक खासगी, पैसा सरकारी, जोखीम सरकारी आणि ग्राहक एकटे सरकार. दर बदलून देणारा दुसरा पुरवठादार नाही, की खर्च वाटून घेणारा दुसरा मोठा ग्राहक नाही. शटलचे वेळापत्रक लांबले आणि पहिल्याच उपग्रहावर संकट आले, तेव्हा त्या भाडेकराराच्या व्याजासह वाढलेला बोजा नासावरच पडला. स्पेसकॉममधील भागीदारी बदलत बदलत अखेर कॉन्टेल या कंपनीकडे आली, आणि १९९० मध्ये नासाने यंत्रणेची मालकी स्वतःकडे घेतली.

म्हणून ‘सेवा घेणे आधुनिक आणि मालकी जुनाट’ असे जे सरसकट लिहिले जाते, ते आम्हाला पटत नाही. १९७६ च्या करारात सेवा होती, बाजार नव्हता. आजच्या कार्यक्रमाला तपासायचे असेल तर दोनच प्रश्न विचारावेत: नासा सोडून या कंपन्यांना पुरेसे ग्राहक आहेत का, आणि नासाला एक कंपनी सोडून दुसरीकडे जाता येईल का? पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे, कारण या कंपन्यांचे पोट जहाजे, विमाने आणि घरगुती इंटरनेटवर चालते. दुसऱ्याचे उत्तर अँटेनावर अवलंबून आहे. त्याबद्दल प्रश्न १० पाहावा.

८. स्टारलिंकची (स्पेसएक्सच्या उपग्रह इंटरनेटची) डिश यानावर बसवली की काम झाले, असे का नाही?

घरावरची डिश स्थिर असते आणि आकाशाकडे पाहते. यान स्वतः सेकंदाला साडेसात किलोमीटर धावत असते, शास्त्रीय निरीक्षणासाठी वळत असते, आणि ज्या उपग्रहांच्या झोताचा उपयोग करायचा ते उपग्रह जमिनीकडे तोंड करून उभे असतात. भूस्थिर उपग्रह खूप वर असल्याने त्याच्या झोतात यान सहज येते. पण सहाशे किलोमीटरवरील यानासाठी साडेपाचशे किलोमीटरवरचा उपग्रह हा ‘वरचा’ उपग्रहच नसतो, आणि तेथे बाजूला पाहणाऱ्या लेझरशिवाय इलाज राहत नाही.

शिवाय वेगामुळे लहरींची वारंवारता सरकते. २६ गिगाहर्ट्झच्या केए बँडमध्ये हे सरकणे साडेसहा लाख हर्ट्झपर्यंत जाते आणि यान जवळ येऊन दूर जाताना ते सतत बदलत राहते. जहाजांसाठी बनवलेल्या मोडेमला याची सवय नसते. त्यात किरणोत्सर्ग, निर्वात आणि दर दीड तासाला उन्हातून अंधारात जाण्याने होणारे तापमानाचे हेलकावे सोसणारी उपकरणे हवीत. हे प्रश्न सुटणारे आहेत. सप्टेंबर २०२४ च्या पोलारिस डॉन या खासगी मोहिमेत ड्रॅगन यानाने स्टारलिंकशी लेझरने संपर्क साधूनही दाखवला. परंतु बाजारातून डिश आणून स्क्रूने बसवण्याइतके ते सोपे नाही.

९. वारंवारतेच्या परवानगीचा काय प्रश्न आहे? उपग्रहाकडे परवाना असतोच ना?

असतो, पण जमिनीशी बोलण्याचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांत प्रत्येक पट्टा कोणत्या दिशेच्या संपर्कासाठी आहे हे लिहिलेले असते. व्यापारी उपग्रहांना मिळालेले बहुतेक पट्टे ‘पृथ्वीवरून अवकाशात’ आणि ‘अवकाशातून पृथ्वीवर’ या दोनच नोंदींखाली होते. ‘अवकाशातून अवकाशात’ अशी नोंद नसताना एका उपग्रहाने दुसऱ्याशी त्याच पट्ट्यात बोलणे म्हणजे नियमांच्या कडेला उभे राहणे. टीडीआरएसला ही अडचण आली नाही, कारण तिचे पट्टे याच कामासाठी राखलेले होते.

२०२३ च्या अखेरीस दुबईत झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत केए बँडच्या ठरावीक भागांत उपग्रह ते उपग्रह संपर्काला अटींसह वाट करून देण्यात आली. एल आणि एस बँडमधील तसाच विषय २०२७ च्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे. म्हणजे प्रश्न ५ मधील काही प्रस्तावांचा मार्ग मोकळा झाला आणि काहींचा अजून व्हायचा आहे. लेझरला यातले काहीच लागत नाही, आणि लेझरवाल्या कंपन्यांचा हा मोठा, पण कमी बोलला जाणारा फायदा आहे.

१०. एकदा एका कंपनीची अँटेना बसवली की मोहीम त्याच कंपनीच्या दावणीला बांधली जाणार नाही का?

जाईल, आणि आमच्या मते या संपूर्ण खरेदीचा कणा येथेच आहे. कक्षेत गेलेल्या यानाची अँटेना बदलता येत नाही. दहा वर्षे चालणाऱ्या मोहिमेवर एकाच कंपनीच्या लहरी समजणारे उपकरण असेल, तर जमिनीवर सहा कंपन्यांशी करार असूनही त्या मोहिमेपुरता पुरवठादार एकच. तिसऱ्या वर्षी दर वाढला तर निमूटपणे भरावा लागणार.

यावरचा उपाय म्हणजे अनेक जाळ्यांच्या ‘भाषा’ बोलणारे उपकरण. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने नासासाठी ‘पीईएक्सटी’ नावाचे असे एक प्रायोगिक उपकरण बनवले असून ते २३ जुलै २०२५ रोजी यॉर्क स्पेस सिस्टिम्सच्या बार्ड या यानावरून कक्षेत गेले. मोबाइल जसा एका कंपनीच्या टॉवरवरून दुसऱ्याच्या टॉवरवर रोमिंगने जातो, तसे हे उपकरण केए बँडमध्ये सरकारी टीडीआरएसवरून खासगी जाळ्यांवर जाते. त्याचे मॉडेम सॉफ्टवेअरवर चालत असल्याने नव्या जाळ्याची पद्धत प्रक्षेपणानंतरही जमिनीवरून चढवता येते.

तरीही मर्यादा आहेत. असे उपकरण केए बँडमधील रेडिओ जाळ्यांत फिरू शकते. एल बँड किंवा लेझर त्याच्या आवाक्यात नाहीत. लहान उपग्रहावर दोन प्रकारची उपकरणे ठेवायला जागा, वजन आणि वीज परवडत नाही. त्यामुळे सर्वात गरीब मोहीमच सर्वात अधिक अडकून पडण्याचा धोका आहे. करार किती कंपन्यांशी झाले हे मोजण्यापेक्षा किती मोहिमांवर बदलता येण्याजोगी उपकरणे बसली, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

११. कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर?

विकली जाण्याचे उदाहरण प्रश्न ५ मध्ये आलेच आहे: सहा निवडलेल्या कंपन्यांपैकी दोन आता एकाच छताखाली आहेत, आणि तेवढी स्पर्धा घटली. एसईएसनेही जुलै २०२५ मध्ये इंटेलसॅट ताब्यात घेतली. या धंद्यात एकत्रीकरणाचा जोर आहे, आणि दीर्घ मुदतीचा करार करताना तो गृहीत धरावा लागतो.

बुडण्याचे उदाहरण इरिडियमचे. उपग्रह फोनची ही कंपनी ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि डझनावारी धडधाकट उपग्रह कक्षेतून खाली आणून जाळून टाकण्याची तयारी सुरू झाली. अखेर नव्या मालकांनी सारी मालमत्ता अवघ्या अडीच कोटी डॉलरना घेतली, आणि डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २० हजार वापरकर्त्यांसाठी दोन वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलरचे कंत्राट देऊन ती तगवली. इरिडियम आजही चालू आहे. ज्या सेवेवाचून सरकारचे अडते तिला सरकार बुडू देत नाही, हे येथे खरे ठरले. पण मग ती जोखीम खासगी कंपनीची होती असे म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही, आणि प्रश्न ७ मधील भाडेकराराची आठवण व्हावी अशीच ही जागा आहे.

१२. हबल दुर्बीण आणि अवकाश स्थानक यांचे काय होणार?

ते टीडीआरएसवरच राहतील. हबल १९९० पासून कक्षेत आहे, तिच्या मोठ्या अँटेना एस बँडमध्ये सेकंदाला दहा लाख बिट या गतीने बोलतात, आणि त्या बदलायला आता शटल नाही. अवकाश स्थानकावरची केयू बँडची सोय बरीच पुढे गेलेली असून तिची क्षमता २०१९ मध्ये सेकंदाला ६० कोटी बिटपर्यंत वाढवण्यात आली, पण तीही टीडीआरएससाठीच घडवलेली आहे. स्थानक २०३० च्या आसपास निवृत्त करण्याची योजना असल्याने त्याला नव्या जाळ्यावर नेण्याचा खर्च कोणी करणार नाही.

१३. आज आखलेल्या नव्या मोहिमेला टीडीआरएस मिळू शकते का?

नाही. ८ नोव्हेंबर २०२४ पासून नव्या मोहिमा स्वीकारणे बंद झाले आहे. आधीच नोंदलेल्या मोहिमांना उपग्रह टिकतील तोवर, म्हणजे २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, सेवा मिळत राहील.

१४. माणसे असलेल्या यानाला खासगी जाळ्याच्या भरवशावर सोडणे योग्य आहे का?

येथे सावधपणा हवा, आणि तो दाखवलाही जात आहे. घरगुती इंटरनेट अर्धा मिनिट बंद पडले तर फक्त चिडचिड होते. परतीच्या प्रवासात इंजिन चालवण्याच्या क्षणी अर्धा मिनिट फार मोठे असते. व्यापारी जाळ्यात गर्दीच्या वेळी कोणाला आधी वाट मिळणार, हे करारात स्पष्ट लिहिलेले असावे लागते, आणि टीडीआरएसवर माणसांच्या मोहिमांना असलेला अग्रक्रम तेवढ्याच काटेकोर शब्दांत उतरला पाहिजे. गोपनीयतेची भीती मात्र थोडी अतिरंजित वाटते, कारण आज्ञा यानावर आणि जमिनीवर नासाच्याच किल्ल्यांनी कुलूपबंद करता येतात आणि मधल्या कंपनीला केवळ न वाचता येणारे आकडे वाहून न्यायचे असतात.

प्रक्षेपणाच्या काळातील संपर्क हा त्यातल्या त्यात आधी जमणारा भाग आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू ग्लेन रॉकेटच्या दुसऱ्या उड्डाणात व्हायासॅटने याच प्रकल्पांतर्गत आपल्या सेवेचे प्रात्यक्षिक केले.

१५. चंद्र आणि मंगळ यात येतात का?

या कार्यक्रमात नाही. चंद्राजवळच्या रिले सेवेसाठी नासाने सप्टेंबर २०२४ मध्ये इंट्युइटिव्ह मशीन्स या कंपनीची निवड केली, ती ‘निअर स्पेस नेटवर्क’च्या वेगळ्या कंत्राटाखाली. दूरच्या यानांचे काम गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा येथील प्रचंड डिश सांभाळतात.

१६. सरकारचे पैसे खरोखर वाचतील का?

दीर्घ पल्ल्यात वाचण्याचा संभव आहे. येत्या दहा वर्षांत त्याची खात्री देता येत नाही. तिसऱ्या पिढीतील पहिल्या दोन उपग्रहांसाठी डिसेंबर २००७ मध्ये बोइंगशी झालेला करार ६९ कोटी ५० लाख डॉलरचा होता, आणि प्रक्षेपणाचा खर्च त्याहून वेगळा. असा खर्च टळतो हे खरे. पण उरलेल्या टीडीआरएससाठी व्हाइट सँड्स आणि ग्वामची केंद्रे शेवटचा उपग्रह निवृत्त होईपर्यंत चालवावीच लागतील, ग्राहक कमी झाले म्हणून त्यांचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही, आणि त्याच काळात खासगी सेवेची बिलेही येऊ लागतील. शिवाय सर्वात मोठा ग्राहक असलेले अवकाश स्थानकच निवृत्त होणार असल्याने नासाची एकूण मागणी नेमकी किती असेल, हे आज कोणी ठामपणे सांगू नये. मागणी कमी आणि चंचल असेल तर मालकीपेक्षा वापरानुसार पैसे देणे फायद्याचे, हा या निर्णयाच्या बाजूचा सर्वात भक्कम युक्तिवाद आम्हाला वाटतो, आणि नासाच्या जाहिराती शैलीतील पत्रकांत तोच सर्वात कमी आढळतो.

१७. इतर देश काय करतात?

युरोपने मधला मार्ग घेतला. त्यांची ईडीआरएस ही लेझर रिले यंत्रणा युरोपीय अवकाश संस्था आणि एअरबस यांच्या भागीदारीतून उभी राहिली, आणि तिचे पहिले उपकरण जानेवारी २०१६ मध्ये युटेलसॅटच्या एका व्यापारी उपग्रहावर बसून गेले. चीनची तिआनलियान ही मालिका २००८ पासून सरकारीच आहे, आणि रशियाची लुचही. जपानने २०२० मध्ये लेझर रिले उपग्रह पाठवला, तोही सरकारी.

१८. भारताशी याचा काही संबंध आहे का?

थेट संबंध एवढा की २८ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांनी अवकाश स्थानकावरून पंतप्रधानांशी साधलेला दृक्‌श्राव्य संवाद याच प्रकारच्या रिले दुव्याने जमिनीवर आला. त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी बंगळुरूशी हॅम (हौशी) रेडिओवरून केलेले संभाषण मात्र थेट होते, आणि म्हणूनच स्थानक क्षितिजावर असेपर्यंतच चालू शकले. प्रश्न १ मधील फरक समजून घ्यायला याहून चांगली जोडी मिळणार नाही. गगनयानासाठी इस्रोने स्वतःच्या डेटा रिले उपग्रहांची योजना आखली आहे. माणसांच्या पहिल्या उड्डाणासाठी स्वतःचा दुवा असावा, हा विचार आम्हाला योग्य वाटतो. त्याच वेळी यानावरचे उपकरण पुढे इतर जाळ्यांशीही बोलू शकेल असे ठेवले, तर प्रश्न १० मधील अडचण आपल्याला सोसावी लागणार नाही.

१९. टीडीआरएसचे सगळेच ग्राहक अवकाशात आहेत का?

नाही, आणि या अपवादाबद्दल विचारणारे वाचक थोडे असले तरी प्रश्न नेमका आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असल्याने दक्षिण ध्रुवावरून तो क्षितिजाखाली राहतो. पण जुन्या उपग्रहाचे इंधन वाचवायचे म्हणून त्याला उत्तर-दक्षिण सावरणे थांबवले की त्याची कक्षा हळूहळू कलते आणि तो रोज काही तास ध्रुवावरून दिसू लागतो. नासाने वय झालेल्या टीडीआरएसचा हा दोष कामी लावला, आणि दक्षिण ध्रुवावरील अमेरिकी केंद्राचा शास्त्रीय डेटा अनेक वर्षे त्यांच्यामार्फत बाहेर येत राहिला. नव्या खासगी भूस्थिर उपग्रहांकडून ही सोय मिळणार नाही, कारण व्यापारी ग्राहकांसाठी त्यांची कक्षा काटेकोर राखावी लागते. ध्रुवीय कक्षेतील जाळ्यांना मात्र ती जमते, आणि अंटार्क्टिकातील मॅकमर्डो केंद्रावर २०२२ मध्येच स्टारलिंकची चाचणी सुरू झाली होती. हा खर्च तेथील केंद्रे चालवणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा असल्याने तो प्रश्न १६ मधील हिशेबात धरलेला नाही.